28.00 ते 59.60 : टोकियोच्या इव्हेंटिंगमध्ये गुण कुठे गेले

2 ऑगस्ट 2021 च्या रात्री टोकियोच्या बाजी कोएन मैदानावर ऑलिंपिकमधलं वैयक्तिक इव्हेंटिंग संपलं. इव्हेंटिंग म्हणजे घोडेस्वारीचा तीन टप्प्यांचा खेळ : ड्रेसाज (घोड्याच्या शिस्तबद्ध हालचाली), क्रॉस कंट्री (मोकळ्या मैदानावरची अडथळ्यांची दौड) आणि जंपिंग (दांड्यांवरून उड्या). पेनल्टी जितकी कमी, तितका क्रमांक वर. बंगळुरूचा फवाद मिर्झा आणि त्याचा पंधरा वर्षांचा घोडा सेन्यूर मेडिकॉट तेविसावे आले, एकूण पेनल्टी 59.60. सिडनीत 2000 साली मुंबईच्या इम्तियाझ अनीस यांनी भारताकडून इव्हेंटिंग केलं होतं. त्यानंतर वीस वर्षं या खेळात ऑलिंपिकला भारताचं कोणी नव्हतं. त्यामुळे तेविसावा क्रमांक आपल्याकडे कौतुकाने छापून आला आणि ते कौतुक योग्यच होतं. पण स्वारी शिकणाऱ्याने आणि शिकवणाऱ्याने या निकालातला दुसरा आकडा पाहावा. ड्रेसाज संपलं तेव्हा ही जोडी 28.00 वर होती आणि जगातल्या सर्वोत्तम स्वारांमध्ये नवव्या जागी होती.

त्याच ड्रेसाजमध्ये ब्रिटनचा टॉम मॅकइवेन 28.90 वर होता आणि ऑस्ट्रेलियाचे बासष्ट वर्षांचे अँड्र्यू हॉय 29.60 वर. दोघंही फवादच्या मागे. शेवटी मॅकइवेनने 29.30 वर रौप्य घेतलं आणि हॉय यांनी 29.60 वर कांस्य. म्हणजे हॉय यांच्या नावावर पुढच्या दोन दिवसांत काहीच चढलं नाही आणि मॅकइवेनच्या नावावर चढले फक्त 0.40. सुवर्ण जिंकणारी जर्मनीची युलिया क्रायेव्स्की 26.00 वर थांबली. फवादच्या नावावर मात्र 31.60 ची भर पडली. हे 31.60 कुठून आले, हाच या प्रकरणाचा विषय आहे.

उधारीची वही

इव्हेंटिंगचा हिशेब उधारीच्या वहीसारखा चालतो. पहिल्या टप्प्यात, ड्रेसाजमध्ये, नावावर एक रक्कम मांडली जाते. पुढे ती तेवढीच राहते किंवा वाढते, फेडायची सोय नसते. फवादची वही अशी : ड्रेसाज 28.00, क्रॉस कंट्रीत 11.20 ची भर आणि एकूण 39.20, क्रमांक बावीस. जंपिंगच्या पहिल्या फेरीत आणखी 8, एकूण 47.20, क्रमांक पंचवीस. अंतिम फेरीत पहिले पंचवीसच जातात, म्हणजे अगदी काठावरून प्रवेश. अंतिम फेरीत 12.40, एकूण 59.60.

हे आकडे समजायचे तर टप्प्यांमधला विनिमयाचा दर पाठ हवा. क्रॉस कंट्रीत ठरलेल्या वेळेपेक्षा उशिरा येणाऱ्या प्रत्येक सेकंदाला 0.4. जंपिंगमध्ये पडलेल्या दांडीला 4, म्हणजे एक दांडी बरोबर दहा सेकंद. क्रॉस कंट्रीत घोड्याने अडथळ्यापुढे पहिल्यांदा नकार दिला तर 20, म्हणजे पन्नास सेकंद किंवा पाच दांड्या. स्वार पडला तर खेळ तिथेच संपला. काही अडथळ्यांना जोराची धडक बसली की सुटणारी खीळ किंवा क्लिप असते. घोडा अडथळ्यावरून कोलांटी खाऊन स्वाराच्या अंगावर पडू नये म्हणून ती बसवतात. ती सुटली तर 11. टोकियोत ड्रेसाजनंतर 21.10 वर आघाडीला असलेला, आधीच्या दोन्ही ऑलिंपिकमधली वैयक्तिक सुवर्णं जिंकलेला जर्मनीचा मिखाएल युंग अशाच एका क्लिपपायी पदकांबाहेर गेला. चौदाव्या अडथळ्याच्या तिसऱ्या भागावर त्याच्या घोड्याचा पाय लागला आणि 11 चढले. युंगचे 11 आणि फवादचे 11.20 वहीत जवळपास सारखेच दिसतात, पण घडण अगदी वेगळी. युंगचं नुकसान एका क्षणात झालं. फवादचं सेकंद सेकंद करून पूर्ण मैदानभर.

ड्रेसाज

यावर फार लिहायची गरज नाही, कारण इथे जोडीने आपलं काम चोख केलं. 20 बाय 60 मीटरच्या आखाड्यात प्रत्येक हालचालीला तीन पंच शून्य ते दहा गुण देतात, सरासरी टक्के काढतात आणि शंभरातून वजा करतात. 28.00 म्हणजे 72 टक्के, म्हणजे सरासरी प्रत्येक हालचालीला 7.2. टोकियोसाठी उष्णतेमुळे आणि प्रक्षेपणाच्या सोयीसाठी ही चाचणी आखूड केली होती, चार मिनिटांच्या आतली. आखूड चाचणीत हालचाली एकामागोमाग एक येतात आणि चूक झाली तर घोड्याला पुन्हा शांत करायला लांब सरळ रेषा मिळत नाहीत. समजा एका चाचणीत पंचवीस गुण दिले जातात. त्यातला एक सातावरून चारावर आला तर 1.2 टक्के जातात, म्हणजे क्रॉस कंट्रीतले तीन सेकंद. हे गणित ध्यानात ठेवलं की आठवड्याचा सराव कुठे खर्च करायचा ते ठरवणं सोपं जातं. आपल्याकडचे बरेच तरुण स्वार ड्रेसाजचा एक टक्का वाढवायला महिना घालतात आणि क्रॉस कंट्रीच्या मैदानावर घड्याळ न लावताच सराव करतात.

क्रॉस कंट्री : अठ्ठावीस सेकंद

टोकियोचा सी फॉरेस्ट ट्रॅक समुद्रात भराव घालून केलेल्या बेटावर होता. आखणी अमेरिकेच्या डेरेक दि ग्राझिया यांची. लांबी 4,420 मीटर, क्रमांक दिलेले 23 अडथळे, वेग मिनिटाला 570 मीटर, ठरलेली वेळ 7 मिनिटं 45 सेकंद. दिवस 1 ऑगस्टचा. ऊन चढायच्या आत उरकावं म्हणून सकाळी पावणेआठलाच सुरुवात केली होती. फवाद आणि मेडिकॉट एकाही अडथळ्यापुढे अडले नाहीत, धडक नाही, चूक नाही. वेळ मात्र 8 मिनिटं 13 सेकंद लागला.

अठ्ठावीस सेकंद ऐकायला मोठे वाटतात, म्हणून त्यांची फोड करू. 4,420 मीटरला 493 सेकंद म्हणजे मिनिटाला साधारण 538 मीटर, हव्या असलेल्या वेगापेक्षा 32 मीटर कमी. तेवीस अडथळ्यांवर वाटले तर अडथळ्यामागे सव्वा सेकंदसुद्धा येत नाही. आता हा सव्वा सेकंद कसा जातो ते पाहा. घोडा सेकंदाला साडेनऊ मीटरने धावतोय. अडथळ्यासाठी त्याला गोळा करून, म्हणजे ढांग आखूड करून, सेकंदाला सहा मीटरवर आणायचंय. हे काम स्वाराने गरजेपेक्षा वीस मीटर आधी सुरू केलं, तर ते वीस मीटर कापायला 2.1 सेकंदांऐवजी 3.3 सेकंद लागतात. तोटा 1.2 सेकंद. तेवीस अडथळ्यांवर हेच झालं की अठ्ठावीस सेकंद पुरे. लांबून पाहणाऱ्याला यात काहीच खटकत नाही. उलट फेरी फार नीट, फार सावध वाटते.

वेळ आणखी कुठे कुठे गळतो?

उतरल्यावर. अडथळा पार झाला की बहुतेक स्वार दोन-तीन ढांगा खोगिरातच बसून राहतात. लगाम हातात गोळा करायला, रिकिबीतला पाय सावरायला एवढा वेळ लागतो आणि तोवर घोडा मंद कँटरमध्येच (संथ दौडीतच) असतो. चांगला स्वार उतरताना पहिल्याच ढांगेला खोगिरावरून उठून पुढे वाकलेला असतो, लगाम पुढच्या दोन ढांगांत चालता चालता गोळा करतो. फरक अर्ध्या सेकंदाचा, पण तो तेवीस वेळा.

वळणांवर. ट्रॅकची लांबी मोजतात ती आखणीकाराने ठरवलेल्या सर्वांत सोयीच्या रेषेवर. प्रत्येक वळणावर चार मीटर बाहेरून गेलं तर पूर्ण फेरीत शे-दीडशे मीटर सहज वाढतात आणि तेवढ्यानेच पंधरा सेकंद जातात. म्हणून ट्रॅक चालताना फक्त अडथळे बघून चालत नाही. दोन अडथळ्यांमधली रेषा, ती कोणत्या झाडाकडे किंवा कोणत्या खांबाकडे तोंड करून धरायची, हे प्रत्येक वेळी ठरवून घ्यावं लागतं.

लांबच्या पर्यायांवर. कठीण जोड-अडथळ्याला (लागोपाठ येणाऱ्या अडथळ्यांच्या गटाला) सहसा एक सोपी, लांब वाट दिलेली असते. तिचा खर्च पाच ते दहा सेकंद. एक-दोन ठिकाणी ती घ्यावी लागली तर हरकत नाही, पण ते आधी ठरवून घेतलेलं असावं. ऐन अडथळ्यापुढे मन बदललं तर वेळही जातो आणि घोडाही गोंधळतो.

आणि शेवटच्या दीड मिनिटात. घोडा दमलेला असला की त्याची ढांग आखूड होते आणि तो पुढच्या पायांवर झुकतो. अशा घोड्याला अडथळ्यापुढे गोळा करायला दुप्पट वेळ लागतो, म्हणजे आधीचे वीस मीटर आता चाळीस होतात.

यावर उपाय म्हणजे मिनिटांच्या खुणा. मोजणीचं चाक घेऊन ट्रॅक चालायचा आणि दर 570 मीटरवर खूण पक्की करायची : 570, 1140, 1710, 2280, 2850, 3420, 3990. शेवटची खूण ते अंतिम रेषा 430 मीटर, म्हणजे पंचेचाळीस सेकंद. प्रत्येक खुणेला एखादं झाड, कुंपणाचं वळण, एखादी टपरी असं डोळ्यांत भरणारं काही जोडायचं. मनगटावरचं घड्याळ दर मिनिटाला वाजतं, तेव्हा स्वाराला समजतं की आपण खुणेच्या अलीकडे आहोत की पलीकडे. पहिल्या मिनिटाला तीन-चार सेकंद मागे असणं ठीक, कारण घोडा उभ्यापासून निघतो. दुसऱ्या मिनिटाला ते भरून निघाले पाहिजेत. तिसऱ्या खुणेपर्यंत दहा सेकंद मागे पडलात तर पुढे ते सापडत नाहीत, कारण जोड-अडथळे बहुधा मधल्या भागातच दाटीने असतात. सरासरी 570 पडायची तर मोकळ्या जागी सहाशेच्या वर धावावं लागतं, हेही विसरू नये.

फवादला आणखी एक अडचण होती, ती निकालपत्रकात दिसत नाही. भारताकडून तो एकटाच होता. संघ घेऊन आलेल्या देशांत पहिला स्वार फेरी करून आला की तंबूत येऊन सांगतो : पाण्याच्या अडथळ्यात घोडे अपेक्षेपेक्षा जास्त थबकतात, सातव्या आणि आठव्याच्या मध्ये चारऐवजी पाच ढांगा लागतात, अमुक वळणावर जमीन कडक आहे. पुढचे दोघं त्यावर आपली योजना बदलतात. एकट्या स्वाराला हे पडद्यावर पाहून स्वतःच ताडावं लागतं. त्याची प्रशिक्षक सांड्रा आउफार्थ स्वतः जर्मनीच्या संघातून त्याच मैदानावर घोडा धावडवत होती. भारतातून एकटं जाणाऱ्या स्वारासोबत एक अनुभवी माणूस फक्त पडद्यासमोर बसून पहिल्या वीस फेऱ्यांतल्या ढांगा मोजायला असावा. त्या माणसाचा विमानखर्च कुठल्याही नव्या खोगिरापेक्षा जास्त उपयोगी पडतो, असं आमचं ठाम मत आहे.

आता इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. वेळेचा हा सगळा काथ्याकूट अनुभवी जोडीसाठी आहे. पुण्या-मुंबईत 1 स्टारची (आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या सर्वांत खालच्या पातळीची) तयारी करणाऱ्या मुलामुलींनी, जिथे अडथळे 1.05 मीटरचे आणि वेग मिनिटाला 500 मीटर असतो, पहिल्या तीन-चार स्पर्धांत घड्याळ न पाहता, वेळेची पेनल्टी मुद्दाम पत्करून स्वच्छ फेरी करावी. घाईत घोड्याचा विश्वास एकदा गेला तर तो परत यायला सेकंद नाही, वर्ष लागतं.

अंतिम रेषेनंतरची वीस मिनिटं

टोकियोत ऑगस्टमध्ये घोडा अंतिम रेषा ओलांडतो तेव्हा त्याचं काम संपतं आणि माणसांचं सुरू होतं. घोड्याचं नेहमीचं तापमान 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस. क्रॉस कंट्रीनंतर ते 40 ते 41 पर्यंत जातं आणि थांबल्यावरही काही मिनिटं चढतच राहतं, कारण स्नायूंमध्ये साठलेली उष्णता रक्तात उतरत असते. स्नायूंच्या कामातली साधारण पाऊण ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणून थर्मामीटर एकदा लावून भागत नाही, दर तीन-चार मिनिटांनी लावावा लागतो.

थंड करण्याच्या जागी काय चालतं ते जवळून पाहू. स्वार उतरतो आणि लगेच खोगीर काढायला जातो. तंग सोडला की एक जण खोगीर आणि घामाने चिंब झालेलं खालचं पॅड उचलतो, तेव्हा पाठीवरून अक्षरशः वाफ उठते. दोघं दोन बाजूंनी बर्फाच्या पाण्याच्या बादल्या मानेवर, छातीवर, पोटाखाली, मागच्या मांड्यांच्या आतल्या बाजूला सतत ओततात. तिसरा थर्मामीटर सांभाळतो. घोड्याच्या नाकपुड्या फुललेल्या आणि आतून लाल असतात, बरगड्यांमागची बाजू जोरात आत-बाहेर होते. पाणी ओतलं की ते अंगावरून निपटून काढायचं, मग परत ओतायचं, ही जुनी पद्धत होती. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकच्या तयारीत या विषयावर बराच अभ्यास झाला आणि त्यातून कळलं की मोठ्या स्नायूंवर बर्फाचं पाणी घातल्याने स्नायू आखडत नाहीत आणि सतत ओतत राहणं हाच सर्वांत जलद उपाय आहे. निपटण्यात वाया जाणाऱ्या वेळात आणखी दोन बादल्या होतात. मध्ये मध्ये मिनिटभर सावलीत चालवायचं, म्हणजे रक्त फिरत राहतं, आणि पुन्हा पाणी. तापमान 39 च्या खाली आलं आणि श्वास सावरला की मगच तबेल्याकडे निघायचं.

आपल्या मोतद्दारांना हे वेगळं शिकवावं लागतं. घाम गाळलेल्या घोड्यावर गार पाणी टाकू नये, त्याला पाणी पाजू नये, हा समज आपल्या पागांमध्ये पिढ्यान् पिढ्या चालत आलाय. उन्हाळ्यातल्या स्पर्धेत तो घोड्याच्या जिवावर बेतू शकतो. पाणी लगेच द्यावं, थोडं थोडं आणि वारंवार. घोड्याच्या घामातून सोडियम, क्लोराइड आणि पोटॅशियम भरपूर जातं, म्हणून रात्रीच्या खाण्यात इलेक्ट्रोलाइट्स द्यायचे, पण ते नेहमी मुबलक पाण्यासोबत. तहानलेल्या घोड्याच्या तोंडात नुसती इलेक्ट्रोलाइटची पेस्ट सोडली तर ती आतड्यात शरीरातलंच पाणी ओढून घेते आणि घोडा आणखी कोरडा पडतो.

रात्र आणि तपासणी

जंपिंगच्या आधी घोड्याची दुसरी तपासणी असते. कडक, सपाट जमिनीवर घोड्याला हाताने धरून चालवतात, मग दुडकीवर पळवतात. पंच आणि पशुवैद्य बघतात की तो कुठे लंगडतोय का. शंका आली तर त्याला बाजूला थांबवतात आणि दुसऱ्यांदा बघतात, नाही तर तिथेच नापास.

मधली रात्र म्हणूनच महत्त्वाची. नालेत पकडीसाठी बसवलेले स्टड (खिळे) लगेच काढायचे. त्यांच्यासह घोडा कडक जमिनीवर उभा राहिला की खूर तिरपे टेकतात आणि सांध्यांवर ताण येतो. चारही पाय गुडघ्याखाली बोटांनी दाबून बघायचे. कोणता भाग शेजारच्या पायापेक्षा गरम आहे, कुठे बोट दाबलं की घोडा पाय ओढतो. पुढच्या पायांना वीस मिनिटं बर्फ, मग विश्रांती, मग पुन्हा. दर दोन-तीन तासांनी दहा मिनिटं चालवायचं, कारण एकाच जागी उभा राहिलेला घोडा सकाळी आखडलेला निघतो. फेनिलब्युटाझोनसारखी वेदनाशामकं स्पर्धेच्या काळात चालत नाहीत, त्यामुळे बर्फ, पाणी आणि चाल एवढ्यावरच निभावून न्यावं लागतं. ही कामं नीट झाली असली तर तपासणी हा दोन मिनिटांचा मामला. मेडिकॉट ती पार झाला.

जंपिंग : दोन फेऱ्या, एक संध्याकाळ

इथे वही सर्वांत जास्त फुगली. क्रॉस कंट्रीत 11.20 गेले होते, जंपिंगमध्ये 20.40 गेले. पहिल्या फेरीतले 8 हा दोन दांड्यांचा हिशेब आहे. अंतिम फेरीतले 12.40 म्हणजे तीन दांड्या आणि वर एक सेकंद. पहिली फेरी संध्याकाळी, अंतिम फेरी त्याच रात्री प्रकाशझोतात, आणि दुसऱ्या फेरीचे अडथळे आणखी उंच. ज्या घोड्याने आदल्या सकाळी 4,420 मीटर धाव घेतली आहे, त्याला काही तासांच्या अंतराने दोनदा तजेलदार व्हायचं असतं.

याच जोडीला एका दांडीची किंमत आधीच ठाऊक होती. जकार्ताच्या 2018 च्या आशियाई स्पर्धेत फवाद आणि मेडिकॉट ड्रेसाजमध्ये 22.40 वर आघाडीला होते, क्रॉस कंट्री स्वच्छ झाली, जंपिंगमध्ये एक दांडी पडली आणि 26.40 वर रौप्य मिळालं. जपानच्या योशिआकी ओइवाने 22.70 वर सुवर्ण घेतलं. दांडी पडली नसती तर सुवर्ण भारताचं होतं. तरीही ते रौप्य मोठंच, कारण 1982 नंतर आशियाई स्पर्धेत घोडेस्वारीतलं ते भारताचं पहिलं वैयक्तिक पदक.

क्रॉस कंट्रीनंतर दांड्या का पडतात? मुळात घोड्याला आदल्या दिवशी आपणच वेगळं शिकवलेलं असतं. पक्क्या, न हलणाऱ्या अडथळ्यांवरून तो सपाट, लांब झेप घेत भरधाव जातो. अडथळ्याला पाय घासला तरी काही होत नाही, त्यामुळे पाय फार उचलायचं कारण त्याला उरत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढे उथळ कपात (दांडी टेकवायच्या खोबणीत) ठेवलेल्या हलक्या दांड्या येतात, ज्या नुसत्या खुराच्या टोकाने खाली येतात. शिवाय तो दमलेला असतो. दमलेला घोडा पाठ गोल करून वर येत नाही, मागचे पाय ओढत नेतो, आणि मागच्या पायाने दांडी पाडतो.

दुसरं कारण ढांगेच्या लांबीत आहे. जंपिंगचा ट्रॅक माणूस पायांनी मोजतो. नव्वद सेंटिमीटरच्या चार पावलांची एक ढांग, म्हणजे 3.6 मीटर. पाच ढांगांच्या रेषेत उतरायला अर्धी ढांग, मग पाच ढांगा, मग झेप घ्यायला अर्धी ढांग, असं 21.6 मीटर होतं. आता दमलेल्या घोड्याची ढांग पंधरा सेंटिमीटरने आखूड झाली. पाच ढांगांत पाऊण मीटर कमी पडतं. झेप 1.8 मीटरवरून घ्यायची ती 2.55 मीटरवरून घ्यावी लागते. लांबून घेतलेली झेप सपाट होते आणि मागची दांडी जाते. घाबरून स्वाराने घोड्याला ढकललं आणि ढांग उलट पंधरा सेंटिमीटरने वाढली तर घोडा दांडीपासून जेमतेम एक मीटरवर पोचतो आणि पुढच्या पायांनी दांडी पाडतो. दोन्हीकडे फक्त पंधरा सेंटिमीटरचा खेळ. म्हणून सरावाच्या जागेवर सर्वांत आधी एक साधी गोष्ट तपासायची : दोन दांड्या जमिनीवर 18 मीटरवर टाकायच्या आणि आज घोडा त्यांच्यामध्ये चार ढांगा घेतो की पाच, ते मोजायचं. उत्तर कालपेक्षा वेगळं आलं तर रेषा चालताना ठरवलेली योजना तिथेच बदलायची.

आणि स्वाराचं शरीर. क्रॉस कंट्रीत स्वार सुरक्षेसाठी उतरताना मागे टेकतो. तीच सवय जंपिंगमध्ये आली की घोड्याचे मागचे पाय अजून दांडीवर असतानाच स्वाराचं वजन पाठीवर येतं आणि पाठ दबून पाय खाली जातात. झेपेनंतर अर्धा क्षण जास्त पुढे राहायला शिकणं हे दांड्या वाचवण्याचं सर्वांत स्वस्त औषध आहे.

सरावात काय बदलावं

या प्रकरणातून तयारीचा आराखडा ठरवायचा तर वेळ आणि दांड्या यांवर आठवडे घालावेत. तंदुरुस्तीसाठी दर चार-पाच दिवसांनी टप्प्याटप्प्याची दौड : पाच मिनिटांची कँटर मिनिटाला 400 ते 450 मीटरने, मध्ये तीन मिनिटं चाल, असं तीनदा. स्पर्धेच्या क्रॉस कंट्रीआधी शेवटची मोठी दौड पाच ते सात दिवस आधी, त्यानंतर नाही. महिन्यातून दोनदा घड्याळ लावून सात-आठ अडथळ्यांचा सराव करावा. त्यात स्वाराने फक्त एक गोष्ट मोजायची : घोड्याला गोळा करायला कुठून सुरुवात केली. कडेला उभ्या असलेल्या माणसाने त्या जागी खडूने रेघ मारावी. बहुतेक स्वारांना ही रेघ पाहून धक्का बसतो, कारण खोगिरात बसल्यावर ती जागा अडथळ्याच्या खूप जवळ वाटते.

जंपिंगचा सराव दौडीच्या दुसऱ्याच दिवशी करावा, घोडा ताजा असताना नव्हे. उंची नेहमीपेक्षा दहा-पंधरा सेंटिमीटर कमी, अडथळे सहा ते आठ. आणि ज्या स्पर्धेत एका संध्याकाळी दोन फेऱ्या आहेत, तिच्यासाठी निदान दोनदा तशीच संध्याकाळ घडवून पाहावी : फेरी करायची, खोगीर काढायचं, घोड्याला पाणी पाजून अर्धा तास चालवायचं, तबेल्यात उभं करायचं, तीन तासांनी पुन्हा पंधरा मिनिटांची तयारी, त्यात पाच-सहा उड्यांपेक्षा जास्त नाही, आणि दुसरी फेरी. दुसऱ्या फेरीत कोणती दांडी पडली, पुढच्या पायाने की मागच्या, उजव्या वळणानंतर की डाव्या, हे त्याच रात्री वहीत लिहून ठेवायचं. अशा चार-पाच नोंदी झाल्या की एकाच घोड्याचा एकच दोष त्यांत पुन्हा पुन्हा सापडतो.